फोन पोळ्यांच्या डब्यात

काकूंचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि न आवडलेली गोष्ट त्या कशा शब्दांत सांगतात हे मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहून पुष्कळ ऐकलेलं आहे. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत दारावर नावाची पाटी नसलेलं घर फक्त त्यांचं होतं. त्यामुळे ते सगळ्यांना बरोबर सापडायचं. "बिनपाटीचं घर कुठलं?" असं विचारलं की कोपऱ्यावरचा पानवाला मान न उचलता बोट दाखवायचा. ही गंमत मी काकूंना सांगितली तर म्हणाल्या, "घर सापडू दे की. घरात कोण राहतं ते कशाला सापडायला पाहिजे?"

आता त्या मुलाकडे असतात. कुठल्या गावी, ते सोडून द्या.

काकू वधू-वर केंद्र चालवायच्या. त्याआधी सरकारी नोंदणी कार्यालयात नोकरी करून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर लोकांचे कागद बघून त्यांना कागदांचा कंटाळा आला असेल असं मला वाटायचं, पण खरं म्हणजे त्यांना त्या कागदांमागच्या माणसांची काळजी लागून राहिली होती. त्यांच्याकडे पहिल्या लग्नाची स्थळं कमीच यायची. घटस्फोट झालेल्या, नवरा गेलेल्या, ठरलेलं मोडलेल्या मुली, आणि तसेच पुरुष. "ज्यांचं एकदा गावभर झालंय, त्यांचं दुसऱ्यांदा होऊ नये," एवढंच त्या त्यावर बोलायच्या.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत शिरलं की उजव्या हाताला एका स्टुलावर स्टीलचा मोठा पोळ्यांचा डबा असायचा. आलेल्या प्रत्येकाने आपला फोन त्यात ठेवायचा. मग काकू झाकण लावणार, कपाट उघडणार आणि मुलीचा नाहीतर मुलाचा कागदावरचा फोटो हातात देणार. पाहिजे तितका वेळ बघा, आजीला दाखवा, उजेडात नेऊन बघा, पण बघून झाला की परत द्या. कोणी म्हणालं, "काकू, व्हॉट्सॲपवर टाकून द्या ना, आम्ही घरी निवांत बघतो," की त्यांचं उत्तर ठरलेलं. "पोरगी तुम्हाला बघायचीय ना? मग चालत तुम्ही यायचं. ती नाय येणार तुमच्या खिशात बसून."

बंद डब्यात फोन वाजायचे आणि स्टीलमुळे आवाज घुमायचा. एकदा एका मुलाच्या मामाचा फोन सारखा वाजत राहिला, आणि त्याची रिंगटोन होती ढोलकीची. एकीकडे मुलीचे वडील डोळ्यांत पाणी आणून तिच्या पहिल्या संसाराचं सांगताहेत आणि दुसरीकडे डब्यात ढोलकी. मामा उठायला लागले तर काकूंनी हातानेच बसवलं. "वाजू द्या. पोळ्या नाय करपत त्यात."

गिऱ्हाईक तुटायचं, हे उघड आहे. फोनवर बोट फिरवलं की मुलीच मुली दिसतात, तर डब्यात फोन ठेवायला कोण येणार? पण जे यायचे ते टिकायचे.

कोणाला, काय, कधी सांगायचं याचाही त्यांचा एक क्रम होता. आधी वय, शिक्षण, काम. दोन्हीकडून होकार दिसला की घरची माणसं. पगार मुलीला सांगायचा, मुलीच्या काकाला नाही. पहिलं लग्न का मोडलं, हे ज्याचं मोडलं त्याने जो करणार त्यालाच सांगायचं, मध्ये तिसरं माणूस नको. त्या वेळी काकू स्वतःसुद्धा उठून स्वयंपाकघरात जायच्या आणि भांडी घासायला घ्यायच्या. भांडी घासलेलीच असायची. आपण ऐकत नाही हे बाहेरच्या दोघांना कळावं म्हणून तो आवाज. पत्ता सगळ्यात शेवटी. आणि लग्न ठरलं की पेढे घेऊन यायचं आणि आपला कागद आणि फोटो परत घेऊन जायचा.

यावरून काकू अबोल आणि अलिप्त असतील असं वाटेल, तर तसं अजिबात नव्हतं. दुसऱ्याची माहिती काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. भाजीवालीच्या जावयाचं व्यसन, दूधवाल्याच्या म्हशीचं दुखणं, माझ्या कंपनीत कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं त्यांना लागायचं. घेण्यात इतका सढळ हात आणि देण्यात ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत. मी एका ऑनलाइन खरेदीच्या कंपनीत कस्टमर केअरला आहे. त्यावरून त्या मला टोचायच्या. "रोज किती लोकांचे पत्ते वाचतीस गं?" मी म्हणायचे, लोक स्वतःच सांगतात काकू. "सांगतात ते सामान यावं म्हणून. तू वाचावं म्हणून नाय." मला त्यांचा राग यायचा.

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे तर शिक्षा. एकदा औषधाच्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने बिल करताना सवयीने विचारलं, "मोबाईल नंबर?"

"कशाला?"

"सिस्टीममध्ये टाकावा लागतो, काकू."

"बरं. आधी तुझा सांग. मालकाचा पण सांग. मालकीणबाईचा सांग, म्हणजे रात्री-अपरात्री गोळी लागली तर बोलता येईल."

मागे रांग लागलेली. मालकच बाहेर आले आणि त्यांनी हात जोडून बिननंबराचं बिल दिलं. घरी येताना मी म्हणाले, काकू, त्या पोराचा काय दोष? त्यांना ते पटलं असावं, कारण पुढच्या खेपेला त्यांनी त्याच्यासाठी तिळाची वडी नेली. नंबर मात्र दिला नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. आम्ही लासूर स्टेशनचे. घरी शेती आहे, चार लोकांत मान आहे, आणि माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना दादा म्हणतो, मुलीचं लग्न जमवायची फार घाई होती. त्यांनी माझा बायोडाटा समाजाच्या होत्या नव्हत्या तेवढ्या ग्रुपांवर टाकला. फोटो, जन्मवेळ, पगार, माझी उंची एक इंच वाढवून, आणि खाली माझाच नंबर. पुढे मी सध्या लग्न करत नाही हे दादांनी मान्य केलं, पण बायोडाटाला कोण सांगणार? फोन येतच राहिले. कोणी आवाज गोड आहे म्हणायचं, कोणी नुसताच श्वास घ्यायचं. एकाने तर माझ्या जन्मवेळेवरून पत्रिका मांडली आणि मंगळावर उपाय सांगायला फोन केला. उपाय खर्चिक होता.

दादा एकदा कांद्याची गोणी घेऊन आले तेव्हा काकूंनी त्यांना खाली बसवून घेतलं. चहा झाला आणि विषय काढला. दादा मोकळेपणाने हसले.

"ताई, आपल्यात झाकायसारखं हाय काय? पोरगी शिकलेली, वळणाची. बघू द्या की जगाला."

"व्हय का," काकू म्हणाल्या. "तुमचा फोन द्या बरं जरा. उघडून द्या."

दादांनी दिला. त्यांना वाटलं काकूंना कुठे फोन लावायचाय. काकूंनी चष्मा लावला आणि दादांचे व्हॉट्सॲपचे मेसेज मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिला खताच्या दुकानदाराचा होता. दुसरा माझ्या आत्याचा होता. त्यात वाटणीबद्दल काहीतरी होतं. पुढचं वाक्य काकूंच्या तोंडून निघायच्या आत दादांचा हात फोनवर गेला होता.

"बघा," काकूंनी फोन सोडला. "झाकायसारखं काय नाय म्हणता, अन् हात बरोबर पुढं आला. चांगला हाय तो हात. पोरीच्या वेळीपण येऊ द्या."

दादांनी फोन खिशात घातला. गावी गेल्यावर त्यांनी मनावर घेतलं आणि सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं की पोरीचा बायोडाटा काढून टाका. त्यावर "हाच का तो?" असं खात्रीने विचारण्यासाठी तिघांनी तो परत त्याच ग्रुपांवर टाकला. त्या आठवड्यात मला सगळ्यात जास्त फोन आले. मी ते काकूंना सांगितलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की ठसका लागला.

ज्या मुलीमुळे मला काकू खऱ्या कळल्या तिचंही नाव लिहीत नाही. तिचं माहेर पाचोडच्या बाजूचं होतं असं धरून चालू. नव्हतं, पण काहीतरी धरायला पाहिजे. तिचा पहिला नवरा मारायचा. कोर्टातून रीतसर सुटका झाली होती, पण ती त्याला मान्य नव्हती. तिने नंबर बदलला की नवा नंबर त्याला कुठून तरी मिळायचा. कधी एखादा मावसभाऊ भोळेपणाने द्यायचा, कधी कोणी ओळखीतला. एकदा तिच्या मैत्रिणीने वाढदिवसाचा फोटो टाकला. त्यात मागे एका दुकानाची पाटी अर्धवट दिसत होती, आणि दोन दिवसांनी तो त्या दुकानासमोर येऊन उभा राहिला. त्यानंतर ती आईबरोबर काकूंकडे आली. बोलताना सारखी दाराकडे बघायची.

काकूंनी तिच्यासाठी माणूस शोधला. बायको वारलेला, बदलीची नोकरी असलेला, शांत. लग्न लांबच्या गावी, मोजक्या लोकांत झालं आणि काकू पोळ्यांचा डबा घेऊन एसटीने त्या लग्नाला गेल्या. मांडवात शिरणाऱ्या प्रत्येकाचा फोन त्यात. नवऱ्या मुलाची बहीण रुसून बसली होती म्हणे, वहिनीचा एक फोटो नको का? काकूंनी तिला जवळ बसवून सगळं सांगितलं, आणि मग तिने स्वतःच डबा मांडीवर घेतला. त्या लग्नाचा एकही फोटो नाही. ती कुठे राहते हे तिच्या आईला माहीत होतं आणि काकूंना. मी गाव विचारलं तर काकू म्हणाल्या, "तुला काय करायचंय?" आणि कांदा चिरायला लागल्या.

मग काकू विसरायला लागल्या. गॅसवरचं दूध, चाव्या, आज कोण येणार होतं ते. आम्ही हसण्यावारी नेत होतो, त्याही हसायच्या. विसरणाऱ्या माणसापासून कोणाच्या गुपिताला धोका असेल असं कोणाला वाटतं?

संक्रांतीनंतर शेजारी हळदी-कुंकू होतं. त्या घरच्या नव्या सुनेचं लग्न काकूंनीच जमवलेलं. भरल्या घरात, वाण हातात घेता घेता, काकूंनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिच्या सासूला म्हणाल्या, "सुखात हाय हो ही तुमच्याकडं. पहिला साखरपुडा मोडला तेव्हा किती रडली होती माझ्यापाशी."

तिच्या नवऱ्याला ते माहीत होतं. सासूला नव्हतं. सून आत निघून गेली. काकू आपल्या वाण घेऊन, दोघी-तिघींची चौकशी करत घरी आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या जिना चढून माझ्याकडे आल्या. एरवी त्या वर येत नसत.

"काल मी काय बोलले?"

"काही नाही," मी म्हणाले.

"खोटं नको बोलू. मला शब्द आठवत नाय. त्या पोरीचं तोंड आठवतंय."

मी सांगितलं. त्या जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टरांनी तपासून आजाराचं नाव सांगितलं. काकूंनी ते ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "विसरायला होतं ते राहू द्या. जीभ सैल होते का?" डॉक्टर म्हणाले, होऊ शकते, कुठे काय बोलावं याचं भान कमी होतं. मुलगा परगावाहून आला होता. तो म्हणाला, बैठकीत कॅमेरा लावतो, मला तिकडून लक्ष ठेवता येईल. त्याची काळजी खरी होती. काकू म्हणाल्या, "तुला आई दिसावी म्हणून दुसऱ्याची लेक कशाला दिसायला पाहिजे? तिथं माणसं येऊन रडतात." कॅमेऱ्याऐवजी मला काम लागलं. कोणी आलं की मी जवळ बसायचं आणि काकू वाहवत गेल्या तर थांबवायचं.

एका रविवारी एक बाई आल्या. चाळिशीच्या, नीटनेटक्या, बोलायला साखर. भाच्यासाठी स्थळ बघायचं म्हणाल्या. फोन सांगायच्या आधीच डब्यात ठेवला. काकूंच्या घराचं, चहाचं कौतुक केलं. समोर बेसनाचे लाडू होते, तेही वाखाणले. मग सहज म्हणाव्यात तशा म्हणाल्या, "आमच्या ओळखीच्या एका मुलीचं तुम्हीच जमवलं म्हणं," आणि त्यांनी पाचोडच्या त्या मुलीचं नाव घेतलं.

"हो गं बाई," काकूंचा चेहरा फुलला. "लई गुणाची पोर. अन् माणूस कसा सोन्यासारखा मिळाला. तिकडं..."

"काकू," मी म्हणाले, "चहा उतू जातोय."

चहा आमच्या पुढ्यात होता. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी चुकतंय हे त्यांना कळलं होतं, काय ते कळत नव्हतं, आणि ओठ तर पुढचा शब्द बोलायच्या बेतात होते. त्यांनी ताटलीतला अख्खा लाडू उचलला आणि तोंडात कोंबला.

"तिकडं म्हणजे कुठं हो?" बाईंनी विचारलं.

काकूंचे गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी. त्यांनी हातानेच थांबा म्हणून सांगितलं. पहिला लाडू संपत आला तसा दुसरा भरला. मला हसू येत होतं, तरी मी ताटली त्यांच्याजवळ सरकवली. बाई थोडा वेळ थांबल्या, मग भाच्याचा विषय पुन्हा न काढताच उठल्या. मी खिडकीतून पाहिलं तर पानवाल्याच्या टपरीशी एक माणूस मोटारसायकल चालू ठेवून उभा होता. बाई त्याच्या मागे बसल्या.

काकू तांब्याभर पाणी प्यायल्या. "गाव जिभेवर आलं होतं," त्या म्हणाल्या. "लाडवानं वाचवलं. रोज कुठून आणू लाडू?"

त्याच आठवड्यात त्यांनी केंद्र बंद केलं. एकेका घरी फोन करून कागद आणि फोटो परत न्यायला सांगितले. कोणी म्हणालं, असू द्या तुमच्याकडे, तर रागावल्या. कपाट रिकामं झालं तेव्हा मला वाटलं आता त्यांना हलकं वाटेल. त्या कपाटासमोर बसून म्हणाल्या, "कागद देता येतात गं परत. डोक्यातलं कसं देऊ?"

मग त्यांनी त्या मुलीच्या आईला बोलावून घेतलं आणि सांगितलं, जावयाला म्हणावं बदली माग. मला माहीत असलेल्या गावात राहू नका. आणि नवं गाव मला कळवू नका. मी भांडले. लागलेला संसार, तिला दिवस गेलेत की काय तेही कोणाला माहीत नाही, आणि तुमच्या विसरण्यापायी तिने घर हलवायचं? काकू म्हणाल्या, "विसरले असते तर काय पाहिजे होतं? आठवतंय म्हणून सांगते."

जावयाने बदली मागून घेतली. मी त्याच्या जागी असते तर चिडले असते. तो चिडला नाही, एवढंच त्याच्याबद्दल मला माहीत आहे.

वर्ष झालं असेल. काकू तोवर बऱ्याच थकल्या होत्या. मला कधी माझ्या नावाने, कधी स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारायच्या. एका दुपारी दारात रिक्षा थांबली आणि ती मुलगी उतरली. कडेवर मूल. तोंडाला ओढणी बांधलेली होती, ती आत आल्यावर सोडली. काकूंनी तिला लगेच ओळखलं. सोबतीला ठेवलेल्या बाई बाजारात गेल्या होत्या, त्या परत आल्या नाहीत ना याची काकूंनी आधी खात्री केली आणि मग दार लावायला सांगितलं.

ती पायाशी बसली. अंग भरलं होतं, चेहऱ्यावर तजेला होता. दाराकडे बघत नव्हती. "काकू, आता आम्ही..." तिने सुरुवात केली आणि काकूंनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"नको. मला सांगणं म्हणजे रस्त्यावर टाकणं हाय आता."

तिने मान डोलावली. मग मूल काकूंच्या मांडीवर दिलं. "हा बघा. ह्याचं नाव..."

"तेपण नको."

"नाव तर ऐका, काकू," तिचा आवाज फुटला. "तुमच्यामुळं झालंय सगळं. माझ्या आईनंतर तुम्हीच. नाव ऐकायला काय होतं?"

"नावावरून माणूस सापडतं," काकू म्हणाल्या. "लई चांगलं असंल नाव. असू दे तुझ्यापाशी."

ज्या बाईने सगळ्या गल्लीची नावं-गावं गोळा केली, म्हशींचीसुद्धा केली, ती बाई त्या मुलाला नाव न विचारता खेळवत बसली. त्याने काकूंचा चष्मा ओढला, काकूंनी ओढू दिला. दात किती आले, रात्री झोपतो का, बाप घेतो का कडेवर, एवढं विचारलं. बाप घेतो म्हटल्यावर त्यांनी डोळे पुसले. ती मुलगी रडत होती, मीही रडत होते, आणि तो पोरगा आमच्याकडे बघून हसत होता.

निघताना तिने पायावर डोकं ठेवलं. काकू म्हणाल्या, "परत येऊ नको गं." तिने ओढणी तोंडाला बांधली, मूल पोटाशी घेतलं आणि गेली. मी दार लावून वळले, तर काकू खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या.

"गेली?"

"बसतेय रिक्षात."

"कुठल्या बाजूला वळली ते मला सांगू नको," त्या म्हणाल्या, आणि रिक्षाचा आवाज गल्लीतून जाईपर्यंत त्यांनी दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले.